कोठाराची किल्ली कोणाकडे?



शहरातल्या मंडळ्यांमध्ये कामाची माहिती द्यायला गेले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, सरकार आता रेशनवर धान्य फुकट देतं. मग पाड्यांवर पावसाळ्यात घरात दाणा नसतो, असं का होतं?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. देणगी देणाऱ्याला हे विचारण्याचा हक्कही आहे. पण उपासना संपल्यावर चहाचा कप हातात धरून दोन मिनिटांत देता येईल असे याचे उत्तर नाही. म्हणून ते या अंकात जरा सविस्तर मांडते.

मी नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाणा आणि पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा या घाटपट्ट्यात काम करते. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा समाजांची ही गावे. इथल्या एका घरातली भाकरी कुठून येते हे पाहत गेलो, तर वाट दिल्लीच्या गोदामापर्यंत आणि तिथून परदेशातल्या बंदरांपर्यंत जाते. ही वाट कुठे भक्कम आहे आणि कुठे तुटते, ते समजून घेऊ.

देशाचे कोठार

आधी श्रेय द्यावे. स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षे आपला देश अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर अवलंबून होता. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. शेतकऱ्याकडून हमीभावाने धान्य घ्यायचे, गोदामात साठवायचे आणि रेशन दुकानांतून वाटायचे, ही साखळी तेव्हापासून उभी राहिली. आज नियमाप्रमाणे दरवर्षी १ जुलैला देशाच्या साठ्यात किमान ४११ लाख टन गहू-तांदूळ असावा लागतो.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने या धान्यावर लोकांचा हक्क लिहून दिला. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. सुमारे ८० कोटी लोक या कायद्याखाली येतात. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. २०२० च्या टाळेबंदीत वीटभट्ट्यांवरून आणि ऊसतोडीवरून माणसे पायी गावी परतली, तेव्हा याच साठ्यातून माणशी आणखी ५ किलो धान्य दिले गेले. ते कोठार नसते तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

दोन वर्षे, चार धक्के

तरीही या साखळीला धक्के बसतात. अलीकडची दोन वर्षे पाहिली की ते नीट समजते.

२०२२ चा मार्च महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गव्हाचा दाणा भरण्याचा तो काळ. उष्णता लवकर आली की दाणा भरण्याआधीच पीक पिकते आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. त्याच सुमाराला युक्रेनचे युद्ध सुरू झाले. जगाच्या बाजारात येणाऱ्या गव्हाचा चौथ्या हिश्श्याहून मोठा वाटा रशिया आणि युक्रेन या दोन देशांचा होता. भाव चढले. हमीभाव क्विंटलला २,०१५ रुपये होता. व्यापारी त्याहून जास्त देऊ लागले आणि शेतकऱ्यांनी माल त्यांना विकला. यात शेतकऱ्याचे काही चुकले नाही. पण आदल्या वर्षी सरकारने ४३३ लाख टन गहू खरेदी केला होता, तो आकडा १८८ लाख टनांवर आला. १३ मे रोजी निर्यात बंद झाली आणि अनेक राज्यांच्या वाट्याचा गहू कमी करून त्याजागी तांदूळ देण्यात आला.

तिसरा धक्का तेलाचा. आपण खाण्याच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे थांबवली. आधीच चढलेले तेल आणखी भडकले. पेठच्या आठवडे बाजारात तेलाची पिशवी घेणाऱ्या बाईला इंडोनेशिया कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नाही, पण तिथला निर्णय तिच्या कढईपर्यंत आला.

चौथा धक्का २०२३ चा. जुलैमध्ये सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. पाठोपाठ आलेला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. त्यामुळे आपण दार लावले की आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या गरीब देशांत तांदूळ महागतो. एका देशाची सावधगिरी दुसऱ्या देशाच्या गरिबाला भारी पडते, हेही आपण लक्षात ठेवायला हवे.

या चारही धक्क्यांत रेशनचे धान्य बंद पडले नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण जे रेशनवर नाही ते सगळे, म्हणजे डाळ, तेल, कांदा, टोमॅटो, बाजाराच्या हाती राहिले.

एका घराचा हिशोब

आता आपल्या डोंगरात येऊ. पाच माणसांचे घर धरा. रेशनवर महिन्याला २५ किलो मिळते. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात माणशी महिन्याला सुमारे ११ किलो तृणधान्य खाल्ले जाते. म्हणजे या घराला ५५ किलो लागते. तूट ३० किलोची. प्रश्न विचारणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना माझे पहिले उत्तर हेच असते: रेशन हा आधार आहे, पण त्यात घराचे पुरते पोट भरत नाही.

ही ३० किलोची तूट कार्तिकापासून होळीपर्यंत जाणवत नाही. शेतातले भात, नागली, वरई घरात आलेली असते. नंतर मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसे पैसे आणतात. खरी ओढ आषाढ-श्रावणात लागते. कणगी रिकामी होते, पेरणी-आवणीचा खर्च झालेला असतो, मजुरी थांबलेली असते, ओढ्याला पूर आला की रेशन दुकानाची वाट बंद होते. रानात कुर्डू, टाकळा, शेवळे, करांदे असतात; भाजीचा प्रश्न सुटतो, भाकरीचा सुटत नाही. पोरेबाळे आजारी पडतात तीही याच दिवसांत.

मग धान्य उसने घेतले जाते. ते दिडीने मिळते: आषाढात एक मण घेतले तर कापणीनंतर दीड मण द्यायचे. कापणी झाली की खळ्यावरूनच धान्य जाते आणि पुढच्या वर्षीची तूट त्याच दिवशी ठरते. पाऊस लहरी झाल्यापासून हा फास आणखी आवळला आहे. जुलैत उघडीप पडली की राबावरची भाताची रोपे पिवळी पडतात. ऑक्टोबरात कापून ठेवलेल्या पिकावर अवकाळी पाऊस झाला की दाणे कणसातच मोड धरतात. शेतकऱ्याने सगळे वेळेवर केलेले असते, तरी हाती निम्मे येते.

नागली का हवी

पूर्वीच्या शेतात खाचरात भात, उतारावर नागली, त्याच्या वर वरई, बांधाला तूर-उडीद आणि माळावर खुरासणी असे. सगळी पिके एकाच पावसाने एकदम बुडत नसत. भाताला पाणी कमी पडले तरी नागली तग धरी. खुरासणीचे तेल घाण्यावर काढून घरचीच फोडणी होई; तेव्हा बाहेरच्या तेलाचा भाव घराला फारसा शिवत नसे. नागली नीट वाळवली तर अनेक वर्षे टिकते, तिला कीड सहसा लागत नाही. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; तांदळात ते अगदीच थोडे. बाळंतिणीला नागलीची पेज देणाऱ्या आजीला हा आकडा माहीत नव्हता, तरी तिचे बरोबर होते.

मग नागली मागे का पडली? लोकांना अक्कल नाही म्हणून नव्हे. रेशनचा तांदूळ सोपा होता आणि नागली-वरई कष्टाची. रोपे लावायची, बेणायचे, कापायचे, मळायचे. वरई तर कांडल्याशिवाय शिजवता येत नाही आणि ते कांडप बाईच्या खांद्यावर. हमीभाव कागदावर चांगला आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता आणि साध्या भाताचा २,३६९. पण खरेदी केंद्र जवळ नसेल तर हा भाव पाटीवरच राहतो. म्हणून "आपले जुने धान्य खा" असा नुसता उपदेश मी कोणाला करत नाही. नागली परत यायची तर गावात तिची गिरणी हवी, वरईचे टरफल काढणारे यंत्र हवे आणि विकत घेणारा हवा.

बियाण्याचेही तसेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी दाखवून दिले की बियाणे घरात असेल तर दुबार पेरणीच्या वेळी दुकानदाराच्या उधारीची वही उघडावी लागत नाही.

गावाचे कोठार कसे चालते

या सगळ्यावर गावाने स्वतः करता येण्याजोगा उपाय म्हणजे धान्य बँक. कल्पना जुनी आहे. १९९६-९७ मध्ये केंद्र सरकारनेही आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना आणली होती. रीत अशी:

चाळीस घरांच्या पाड्यात कापणीनंतर प्रत्येक घराने २५ किलो नागली किंवा भात जमा केले तर १० क्विंटल होतात. आषाढात ज्या वीस घरांना गरज आहे ती प्रत्येकी ५० किलो उचलतात. कार्तिक-मार्गशीर्षात ५५ किलो परत करतात. दिडीच्या हिशोबाने तेच ७५ द्यावे लागले असते. वाचलेले २० किलो म्हणजे त्या घराची जवळजवळ वीस दिवसांची तूट. बँकेत १० चे ११ क्विंटल होतात. त्यातून उंदीर-घुशींची नासाडी भरून निघते आणि साठा हळूहळू वाढतो.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात अशा बँका बंदही पडतात आणि त्याची कारणे बहुतेक ठिकाणी तीच असतात. ती टाळण्यासाठी आम्ही पाड्यावर पुढील गोष्टींचा आग्रह धरतो.

धान्य कडक वाळलेले असावे. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. दबला तर परत उन्हात. कोठी जमिनीपासून हातभर उंच आणि भिंतीपासून सुटी असावी. पोत्यांत कडुनिंबाचा पाला घालावा.

बियाणे वेगळे ठेवावे आणि ते खाण्यासाठी कोणालाही देऊ नये.

हिशोब सर्वांना दिसेल असा असावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीवर प्रत्येक घराच्या नावापुढे मापागणिक एक रेघ ओढावी.

पीक बुडाले तर वसुली पुढच्या वर्षावर ढकलायची, हा नियम पहिल्याच सभेत ठरवावा. संकटात नियम करायला बसले की भांडणे होतात.

कोठीला दोन कुलपे असावीत आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या वस्त्यांतल्या दोन बायकांकडे. एका घरात किल्ली राहिली की हळूहळू कोठारही त्या घराचे होते.

एका कोठारावर भागत नाही

गावाची बँक म्हणजे सर्व दुखण्यांवर औषध, असा समज करून घेऊ नये. एका घरात आजारपण आले तर शेजारची चाळीस घरे त्याला सावरतात. पण पूर्ण तालुक्यात पाऊस नाही आला तर चाळीसही घरांची कणगी एकदम रिकामी होते, मग कोण कोणाला देणार? तिथे जिल्ह्याचे, राज्याचे, देशाचे कोठार लागते. उलट, दिल्लीच्या गोदामात कितीही धान्य असले तरी पुराने आठ दिवस वाट बंद झाल्यावर ते पाड्यावर पोचत नाही. तिथे घरची कणगीच कामी येते.

प्रत्येक कोठार वेगळ्या संकटासाठी असते. घरची कणगी पंधरवड्यासाठी, गावची बँक आषाढ-श्रावणासाठी आणि सावकारापासून सुटण्यासाठी, राज्याचे आणि देशाचे कोठार दुष्काळासाठी आणि जगाच्या बाजारातल्या उलथापालथीसाठी. यातले एक जरी नसले तरी त्या ठिकाणी भोक पडते. आणि हातात मजुरी नसेल तर भरलेल्या बाजाराचाही उपयोग नाही. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हेच शिकवले आणि त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला.

कामासाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनाही एक गोष्ट सांगायला हवी. एक देश एक रेशनकार्ड या व्यवस्थेमुळे त्यांचे धान्य तिथल्या दुकानातही घेता येते. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आपला वाटा गावात घ्यावा आणि गेलेल्यांनी आपला तिकडे. हे अनेकांना ठाऊकच नसते.

योसेफाच्या गोष्टीतला पुढचा अध्याय

अन्नसाठ्याचा विषय निघाला की आपल्याला योसेफ आठवतो. धर्मशास्त्राच्या पदविकेच्या वर्गात आम्ही ही गोष्ट दूरदृष्टीचा धडा म्हणून शिकलो. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देश वाचला. उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायावर मी कितीतरी उपदेश ऐकले आहेत.

सत्तेचाळिसावा अध्याय मात्र क्वचितच कोणी घेतो. त्यात त्याच कोठाराची पुढची हकीकत आहे. लोकांनी धान्यासाठी आधी पैसे दिले. पैसे संपल्यावर गुरेढोरे दिली. दुसऱ्या वर्षी जमिनी दिल्या आणि शेवटी स्वतःलाच फारोच्या स्वाधीन केले. धान्य त्यांनीच पिकवले होते, पण किल्ली त्यांच्याकडे नव्हती. जीव वाचला, जमीन गेली.

पाड्यावर काम करताना हा अध्याय मला मिसरातला वाटत नाही. दिडीने सुरू झालेले कर्ज पुढे बैलापर्यंत आणि मग जमिनीच्या तुकड्यापर्यंत कसे जाते, ते जुन्या माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे. साठा हवाच. पण तो कोणाच्या हाती आहे आणि त्यातून घेताना माणसाला काय गहाण ठेवावे लागते, हे त्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आपण काय करू शकतो

पावसाळ्यात बातमी वाचून तांदळाची पोती पाठवण्याची इच्छा अनेकांना होते. पूर, वादळ अशा वेळी ती मदत अमोल असते. पण दरवर्षीच्या आषाढासाठी याहून उपयोगी गोष्टी आहेत.

पाड्यावर नागली-वरईसाठी एक लहान गिरणी बसली तर तिचा उपयोग वर्षानुवर्षे होतो आणि बायकांचे कांडप वाचते. शहरातल्या कुटुंबांनी महिन्याला दोन-चार किलो नागली रास्त भावाने घेतली तर ती पेरायला कारण मिळते. मात्र घरची कणगी भरल्यावर उरेल तेवढीच विकावी, असे आम्ही गावाला सांगतो. कापणीच्या सणाला मंडळीत धान्य येते आणि त्याचा लिलाव होतो. त्यातला एखादा हिस्सा लिलावात न घालता नव्या धान्य बँकेचे पहिले भांडवल म्हणून देता येईल. पाड्यावरचे आमचे कार्यकर्ते गावातल्या कोणाचेही नाव, जात वा धर्म न विचारता ते बँकेत जमा करतील. भुकेला तसली चौकशी माहीत नसते.

आणि पाड्यावर राहणाऱ्या वाचकांसाठी: रेशन दुकानाच्या दक्षता समितीत कोण आहे ते विचारा, बैठकीला जा, पावती मागून घ्या. देशाच्या कोठाराची तुमच्या हातातली किल्ली ती पावतीच आहे.

धान्य बँक सुरू करायची सभा पिके खळ्यावर येण्याआधी व्हावी लागते. एकदा धान्य सावकाराच्या गाडीत चढले की त्या वर्षीची संधी गेली. ज्या पाड्यांनी आमच्याकडे विचारणा केली आहे तिथे भाद्रपदात सभा घ्यायचे ठरले आहे. कोठीला पत्रा, पिंप, वजनकाटा आणि दोन कुलपे लागतील. बाकीचे गाव स्वतः उभे करील.